चाळीस मीटरचं घरचं स्टेशन: गच्चीवरची तार, खोलीतला गोंगाट आणि रिगची निगा

हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी रेडिओ स्टेशनचा, परवाना हातात आला, व्हीयू२ किंवा व्हीयू३ ने सुरू होणारं कॉलसाइन (स्टेशनचं नाव) मिळालं, की पहिली धाव रिगच्या, म्हणजे बोलायच्या-ऐकायच्या रेडिओ संचाच्या, चौकशीकडे असते. आमचा सल्ला उलटा आहे. एकूण किती खर्च करायचा ते ठरवा, त्यातले निम्मे पैसे तार, केबल, कनेक्टर आणि फेराइटसाठी (गोंगाट अडवणाऱ्या चुंबकीय रिंगांसाठी) बाजूला काढा, आणि उरलेल्यात बसेल ती रिग घ्या. नीट ताणलेल्या तारेवरची १०० वॉटची जुनी रिग, कशीबशी टांगलेल्या तारेवरच्या कोऱ्या करकरीत रिगपेक्षा जास्त लांब पोचते आणि जास्त ऐकते. त्यातही ऐकणं महत्त्वाचं. समोरचा ऐकूच आला नाही तर शक्ती वाढवून काय उपयोग?

इथे सगळा विचार ४० मीटर बँडचा, म्हणजे सुमारे ४० मीटर तरंगलांबीच्या लहरींच्या पट्ट्याचा, केला आहे. भारतात हा बँड ७.००० ते ७.२०० मेगाहर्ट्झ आहे. दिवसा याच बँडवर पुण्याहून नाशिक, कोल्हापूर आणि थेट नागपूरपर्यंत बोलता येतं. सूर्य मावळला की जवळची स्टेशनं विरत जातात आणि हजार-दोन हजार किलोमीटरवरची वर येतात. आपल्या परवान्याच्या श्रेणीला कोणते बँड आणि कमाल किती शक्ती मंजूर आहे, हे मात्र परवान्याच्या कागदावरच वाचा. ऐकीव आकड्यांवर जाऊ नका.

गच्ची मोजा

घरच्या स्टेशनला सर्वांत सोपी आणि भरवशाची अँटेना म्हणजे इन्व्हर्टेड व्ही. मधोमध एक खांब, त्याच्या टोकाला केबल, आणि दोन्ही बाजूंना उताराने खाली येणाऱ्या दोन तारा. ७.१ मेगाहर्ट्झसाठी एका बाजूची तार साधारण १० मीटरची लागते. (१४३ ला मेगाहर्ट्झने भागा, पूर्ण लांबी मीटरमध्ये येते. त्याचं निम्मं म्हणजे एक बाजू.)

आता गच्चीची लांबी मोजा, कर्णासकट. खांब गच्चीपासून ६ मीटर उंच आणि तारांची टोकं अडीच मीटरवर ठेवली, तर प्रत्येक बाजूला जमिनीवर सुमारे ९.४ मीटर जागा लागते, म्हणजे एकूण १९ मीटर. खांब ९ मीटर केला तर हीच गरज १५ मीटरवर येते. १२ बाय १० मीटरच्या गच्चीचा कर्ण साडेपंधरा मीटरहून थोडा जास्त भरतो, म्हणजे ९ मीटरचा खांब आणि कोपऱ्यातून कोपऱ्यात तार हे गणित बसतं. त्याहून लहान गच्ची असेल तर शेवटचा दीड-दोन मीटर तुकडा आडवा वळवून कठड्याला समांतर न्या. टोकाकडे प्रवाह कमी असतो, त्यामुळे तो भाग वाकवल्यानं फारसं नुकसान होत नाही. मधला भाग मात्र सरळ आणि मोकळा हवा, कारण विकिरणाचं बहुतेक काम तोच करतो. दोन तारांमधला कोन ९० अंशांच्या खाली जाऊ देऊ नका. कोन मिटत गेला की दोन्ही बाजूंचं विकिरण एकमेकांना खोडू लागतं आणि इम्पिडन्सही (तारेचा प्रवाहाला होणारा विरोध) ५० ओहमच्या खाली घसरतो.

टोकं अडीच मीटरच्या खाली नकोत, याला कारण आहे. तारेच्या टोकावर व्होल्टेज सर्वांत जास्त असतं. १०० वॉटला ते कित्येकशे व्होल्ट होतं आणि कपडे वाळत घालायला आलेल्या माणसाच्या हाताला भाजेल इतकं पुरतं. आणि जागा निवडताना सगळ्यात आधी विजेच्या तारा बघा. खांब किंवा तार कोणत्याही दिशेनं कोसळली तरी महावितरणच्या वाहिनीपर्यंत पोचणार नाही, अशीच जागा हवी. हे जमत नसेल तर ती गच्ची सोडा.

सोसायटीत राहत असाल तर एक व्यवहाराची गोष्ट. स्लॅबला भोक पाडू नका. वॉटरप्रूफिंगला धक्का लागला आणि पुढच्या जुलैत खालच्या मजल्यावर ओल आली, की ती ओल तुमच्या खात्यावर जमा होते, मग खरं कारण काहीही असो. खांब कठड्याला किंवा टाकीच्या कॉलमला दोन क्लॅम्पनं बांधा. दोन क्लॅम्पमध्ये किमान ६० सेंटिमीटर अंतर ठेवा.

सामान

दीड इंची जीआय पाइपची सहा मीटरची एक लांबी, वर हवी असल्यास सव्वा इंचीची तीन मीटर. दीड इंची पाइप एकटाच वीस किलोच्या आसपास भरतो, म्हणून उभा करताना तीन माणसं लागतात: एक बुंध्याशी, दोघं दोरीवर. ताणाच्या तीन दोऱ्या १२० अंशांवर, खांबाच्या पाऊण उंचीला बांधा, आणि खालचं टोक बुंध्यापासून खांबाच्या निम्म्या उंचीइतकं तरी लांब न्या.

दोरीत बरेच जण फसतात. बाजारात मिळणारी निळी-पिवळी पॉलिप्रॉपिलीनची दोरी स्वस्त असते, पण एका उन्हाळ्यात तिचा भुगा होतो. पॉलिस्टरची विणलेली दोरी घ्या, ४ ते ६ मिलिमीटर. नायलॉन पावसात सैल पडतं, त्यामुळे तार झोळ खाते आणि रेझोनन्स, म्हणजे तार ज्या फ्रिक्वेन्सीला जुळते ती जागा, सरकतो.

तारेसाठी घरगुती वायरिंगची १.५ चौरस मिलिमीटरची बहुतारी तांब्याची वायर चालते. २२ मीटर पुरे. ती टांगण्याआधी खांबाला बांधून दोघांनी जोर लावून एकदा ओढून घ्या. मऊ तांबं सुरुवातीला थोडं लांबतं, ते आधीच लांबलेलं बरं. टोकाला विजेच्या खांबाच्या ताणतारेत वापरतात तो अंड्याच्या आकाराचा चिनीमातीचा इन्सुलेटर लावा. इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. मिळाला नाही तर जाड पीव्हीसी पाइपचा १० सेंटिमीटरचा तुकडा, दोन्ही टोकांना भोकं पाडून.

केबल

३० मीटर आरजी-५८ केबल ७ मेगाहर्ट्झवर साधारण १ डेसिबल खाते, म्हणजे पाचातला एक वॉट वाटेत जातो. आरजी-२१३ याच्या निम्मी खाते. ४० मीटरसाठी आरजी-५८ नं काही बिघडत नाही. मात्र तीच केबल पुढे १४५ मेगाहर्ट्झला लावली तर ३० मीटरमध्ये सुमारे ६ डेसिबल जातात, म्हणजे चारातले तीन वॉट केबलमध्येच गरम होऊन संपतात. पुढे-मागे दोन मीटर बँडचीही अँटेना लावायची असेल तर त्यासाठी वेगळी जाड केबल टाका.

टीव्हीची आरजी-६ केबल ७५ ओहमची असते आणि ४० मीटरला ती सहज चालते. अडचण वेगळीच: तिची जाळी ॲल्युमिनियमची असते, तिच्यावर सोल्डर धरत नाही. तिला दाबून बसणारा एफ कनेक्टरच लावायचा आणि त्यापुढे ॲडॅप्टर.

पीएल-२५९ कनेक्टर लावताना बहुतेकांची गफलत जाळीच्या डागात होते. मधली तार पिनमध्ये नीट डागतात, जाळी मात्र रिड्युसरखाली नुसती दाबून मोकळे होतात. सहा महिन्यांनी ओलाव्यानं तिथे हिरवट थर चढतो आणि रिसीव्हरमध्ये करकर सुरू होते. केबल हलवली की एस-मीटर (सिग्नलचा जोर दाखवणारा रिगचा काटा) नाचतो. २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न इथे कामाचं नाही, कनेक्टरचं पितळ सगळी उष्णता ओढून घेतं. ६० ते १०० वॉटचं सोल्डरिंग आयर्न, जाड टोक, आणि आधी जाळीला कल्हई. टेफ्लॉन इन्सुलेशनचा कनेक्टर घ्या. स्वस्तातला प्लॅस्टिकचा डाग देतानाच वितळतो आणि पिन तिरकी होते. काम झालं की मल्टीमीटरवर दोन तपासण्या: पिन ते पिन शून्याजवळ, पिन ते जाळी अनंत.

मधला डबा आणि चोक

डायपोलच्या, म्हणजे आपल्या व्हीसारख्या दोन तारांच्या अँटेनाच्या, दोन बाजू सारख्या असतात, केबल मात्र एकांगी. सरळ जोडली तर जाळीच्या बाहेरच्या पृष्ठावरून प्रवाह परत घरात येतो. लक्षणं ओळखीची आहेत: माइकला ओठ लागला की चटका, बोलताना संगणकाचा यूएसबी तुटणं, दाराची बेल आपोआप वाजणं. आणखी एक नुकसान कमी बोललं जातं. हीच जाळी ऐकताना घरातल्या चार्जरांचा आवाज गोळा करून अँटेनाच्या तोंडाशी नेऊन देते. म्हणून १:१ करंट बालुन, म्हणजेच चोक, ही चैनीची वस्तू नाही.

दोन मार्ग आहेत. स्वस्त मार्ग: ११० मिलिमीटरच्या ड्रेनेज पाइपवर त्याच आरजी-५८ चे एकाला एक लागून १८ वेढे. साडेसहा मीटर केबल लागते. वेढे गोळा करून पेंढी बांधू नका, पहिला आणि शेवटचा वेढा जवळ आला की चोकचा परिणाम घटतो. चांगला मार्ग: एफटी२४०-४३ किंवा एफटी२४०-३१ फेराइट रिंगवर आरजी-५८ चे १० ते १२ वेढे. हवेतल्या वेटोळ्यापेक्षा फेराइटचा चोक जास्त रुंद पट्ट्यावर काम करतो आणि खांबावर भारही कमी. पण पांढऱ्या-पिवळ्या रंगाची संगणकाच्या पॉवर सप्लायमधून काढलेली रिंग वापरू नका. ती लोहचूर्णाची असते, या कामाची नव्हे.

डबा म्हणून १०० मिलिमीटरचा पीव्हीसी जंक्शन बॉक्स पुरतो. वरून सगळ्या फटी बंद करा आणि तळाला ३ मिलिमीटरचं एक भोक मुद्दाम ठेवा. डबा कितीही घट्ट केला तरी आत दव धरतं, ते उतरायला वाट हवी. सिलिकॉन लावताना वास घ्या: व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन तांबं खातं. न्यूट्रल क्युअर लिहिलेलं घ्या. बाहेरच्या प्रत्येक कनेक्टरवर आधी स्वतःला चिकटणारी रबरी टेप ताणून, मग तिच्यावर साधी काळी टेप, आणि गुंडाळी खालून वर, म्हणजे कौलांसारखी पाणी बाहेर टाकते. केबल खिडकीतून आत शिरण्याआधी खाली एक झोळ द्या. पाणी तिथून टपकेल, आत येणार नाही.

तारेचं वजन डागावर येऊ देऊ नका. तार आधी डब्याच्या हुकाला गाठ मारून अडकवा, तिथून सैल शेपूट स्क्रूपर्यंत न्या. वाऱ्यात हलणारा डाग वर्षभरात तुटतोच.

तार जुळवणं

सुरुवातीला प्रत्येक बाजू १०.३० मीटर ठेवा. सूत्रानं १०.०७ येतं, पण इन्सुलेशन असलेली वायर आणि व्हीचा उतार दोन्ही मिळून प्रत्यक्षात त्याहून थोडी आखूड लागते. किती ते जागेवर ठरतं. कापायची घाई नको. टोक इन्सुलेटरमधून मागे दुमडून वायरवरच गुंडाळा आणि दोन प्लॅस्टिक टाय लावा, रेडिओच्या दृष्टीनं ती आखूड झाली.

नॅनोव्हीएनए हे अँटेना मोजायचं छोटं यंत्र असेल तर ६.५ ते ७.६ मेगाहर्ट्झ हा पट्टा ठेवून ओपन, शॉर्ट आणि लोड असं कॅलिब्रेशन करा, मग केबल जोडा. एसडब्ल्यूआरचा (अँटेनाकडून किती शक्ती परत येते ते सांगणाऱ्या आकड्याचा) तळ जिथे येतो ती फ्रिक्वेन्सी लिहून घ्या. नवी लांबी म्हणजे आताची लांबी गुणिले मोजलेली फ्रिक्वेन्सी भागिले हवी ती. समजा १०.३० मीटरला तळ ६.८६ वर आला आणि तुम्हाला ७.१० हवा: १०.३० × ६.८६ ÷ ७.१० = ९.९५. दोन्ही बाजूंनी ३५ सेंटिमीटर दुमडा. जवळ आल्यावर १ सेंटिमीटर प्रत्येक बाजूला म्हणजे सुमारे ७ किलोहर्ट्झ, हे लक्षात ठेवा. खांब दरवेळी पूर्ण उंचीवर नेऊनच मोजायचं. खाली धरून जुळवलेली तार वर गेल्यावर वेगळंच बोलते.

मोजताना केबल मुठीत धरून पाहा. तळ सरकला तर चोक कमी पडतोय. एसडब्ल्यूआर कुठेच दोनच्या खाली येत नसेल तर क्रमानं बघा: एक बाजू तुटली आहे का, पाणी शिरलं आहे का, तार लोखंडी शेड किंवा सोलर पॅनेलच्या रांगेला समांतर जाते आहे का. या तिसऱ्या कारणावर उपाय जागा बदलणं हाच.

दीडच्या एसडब्ल्यूआरला ४ टक्के शक्ती परत येते, दोनला ११, तीनला २५. १.५ झालं की थांबा. १.१ साठी रविवार घालवणं हा छंद म्हणून ठीक, समोरच्याला फरक कळत नाही. ट्यूनरबद्दलही (रिग आणि केबल यांच्यामध्ये बसणाऱ्या जुळवणीच्या डब्याबद्दल) एवढंच: तो रिगला शांत करतो, गच्चीवरची तार तशीच राहते.

घरातला गोंगाट

शहरातल्या स्टेशनांची खरी लढाई इथे आहे आणि तिच्यावर सर्वांत कमी वेळ खर्च होतो. रिगचा प्रीॲम्प (येणारा सिग्नल वाढवणारा टप्पा) बंद, एसएसबी हा बोलण्याचा मोड, ७.१ च्या आसपास रिकामी जागा, आणि एस-मीटर बघा. मोकळ्या माळावर दुपारी एस-२ किंवा ३ असतं. फ्लॅटमध्ये एस-७, एस-९ असू शकतं. एक एस-एकक म्हणजे ६ डेसिबल. दोन एककांनी गोंगाट उतरवला, तर तुम्हाला ऐकू येणाऱ्या प्रत्येक स्टेशनानं आपली शक्ती १६ पट केल्यासारखं होतं, आणि तेही कुणाचा पैसा न खर्चता.

शोध असा घ्या. रिग १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवा, घराचा मुख्य एमसीबी बंद करा. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद, नाहीतर तो लगेच चालू होऊन स्वतःच गोंगाट करेल. आवाज पडला तर चोर घरातच आहे. मग एकेक सर्किट चालू करत जा आणि प्रत्येक वेळी एस-मीटरचा आकडा लिहा. सर्किट सापडलं की एकेक वस्तू. नेहमीचे संशयित: एलईडी बल्बचा ड्रायव्हर, मोबाइल आणि लॅपटॉपचे चार्जर, राउटरचा ॲडॅप्टर, आरओ फिल्टरचा ॲडॅप्टर, सेट-टॉप बॉक्स, सीसीटीव्हीचा सप्लाय, बीएलडीसी पंखा, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, इंडक्शन शेगडी. एक चोर काढला आणि मीटर हलला नाही म्हणून निराश होऊ नका. दोन सारखे चोर असतील तर एक पकडल्यावर मीटर जेमतेम अर्धं एकक हलतो.

कान वापरा. जाड, घरघरणारा १०० हर्ट्झचा आवाज विजेच्या मुख्य पुरवठ्याशी जोडलेला असतो. बँडभर ठरावीक अंतरानं, म्हणजे दर ६० किंवा १०० किलोहर्ट्झवर, एक फुगवटा येत असेल तर तो स्विचिंग सप्लाय. एमसीबी बंद करूनही गोंगाट तसाच राहिला तर चोर शेजारी किंवा विजेच्या खांबावर आहे. फेराइट रॉडचा मध्यम लहरींचा छोटा रेडिओ घ्या, दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी ठेवा आणि जिना उतरत चाला. रॉडचं टोक उगमाकडे वळलं की आवाज सर्वांत कमी होतो. कोरड्या दिवसांत ऐकू येणारी आणि पहिल्या सरीनंतर गप्प होणारी खरखर बहुधा खांबावरच्या ढिल्या जोडाची असते. तिची तक्रार वीज कार्यालयात खांबाच्या क्रमांकासह द्या. क्रमांक नसलेली तक्रार फिरत राहते.

उपाय: साधी क्लिप लावायची फेराइट एका फेऱ्यात ७ मेगाहर्ट्झला जवळपास काहीच करत नाही. इम्पिडन्स वेढ्यांच्या वर्गानं वाढतो, म्हणून एका फेऱ्याऐवजी पाच वेढे दिले की २५ पट काम होतं. ३१ नंबरच्या मिश्रणाची मोठी रिंग घ्या आणि ॲडॅप्टरची वायर आठ-दहा वेळा तिच्यातून फिरवा, रिंग ॲडॅप्टरच्या अगदी जवळ. बल्बला हा उपाय बसत नाही, तो बदला. शेजाऱ्याकडे असेल तर एक चांगला बल्ब स्वतःच्या पैशानं नेऊन द्या. वादापेक्षा स्वस्त पडतो.

सप्लाय

१०० वॉटची रिग बोलताना २० ते २२ अँपिअर ओढते. १३.८ व्होल्ट, ३० अँपिअरचा सप्लाय घ्या. रिगच्या माहितीपुस्तकात सहसा १३.८ व्होल्ट, १५ टक्के वर-खाली असं लिहिलेलं असतं, म्हणजे ११.७ च्या खाली रिग आवाज फाडते किंवा बंद पडते. नुसत्या सप्लायवर १३.८ दिसून उपयोग नाही, रिगच्या मागे, बोलताना, मोजा. २ मीटर लांबीच्या २.५ चौरस मिलिमीटर वायरच्या जोडीवर २० अँपिअरला सुमारे ०.६ व्होल्ट जातात, ६ चौरस मिलिमीटरवर पाव व्होल्ट. मग प्रत्येक फ्यूज-होल्डर आणि क्लिप आपापला वाटा घेते. फ्यूज दोन्ही तारांवर असू द्या आणि बॅटरी वापरत असाल तर तो बॅटरीच्या टोकाजवळ. रिगजवळच्या फ्यूजनं वाटेतली वायर वाचत नाही.

सीसीटीव्हीचे जाळीच्या डब्यातले १२ व्होल्टचे सप्लाय प्रीसेट फिरवून १३.८ वर आणता येतात आणि स्वस्तही असतात. त्यांचा गोंगाट मात्र वरच्या यादीत मोजा: एसी आणि डीसी दोन्ही वायरींवर रिंग लागेल.

घरी बांधलेली रिग असेल तर

हैदराबादच्या अशर फरहान (व्हीयू२ईएसई) यांच्या बिटएक्समुळे आपल्याकडे घरी रिग बांधणाऱ्यांची पिढीच उभी राहिली. अशा बहुतेक रिगमध्ये शेवटचा ट्रान्झिस्टर आयआरएफ५१० हा मॉसफेट असतो. तो स्वस्त आहे आणि तितकाच सहज जळतो. कारणं ठरलेली: बायसचा (ट्रान्झिस्टरला जागं ठेवणाऱ्या व्होल्टेजचा) प्रीसेट आधीच वर असणं, अँटेना न जोडता पीटीटी, म्हणजे बोलायचं बटण, दाबणं, आणि पाठीच्या पत्र्याखाली अभ्रक न ठेवणं. पाठीचा पत्रा हेच ड्रेन असतं, हीटसिंकला टेकलं की थेट शॉर्ट.

बायस लावायची पद्धत: बाहेर ५० ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा रेझिस्टर), सप्लायच्या वाटेत अँपिअर-मीटर, प्रीसेट शून्य व्होल्टच्या बाजूला. पीटीटी दाबा, माइक गप्प ठेवा, आलेला प्रवाह लिहा. मग प्रीसेट हळूहळू फिरवत प्रवाह त्यापेक्षा १०० मिलिअँपिअरनं वाढेपर्यंत न्या आणि थांबा. गेटचं व्होल्टेज २ ते ४ च्या मध्ये कुठेतरी हा मॉसफेट अचानक जागा होतो, म्हणून प्रीसेट एकदम फिरवणाऱ्याला दुसरा विकत आणावा लागतो. वायरींची अदलाबदल झाली तर म्हणून सप्लायला आडवा एक जाड डायोड आणि त्याच्या अलीकडे २ अँपिअरचा फ्यूज टाका.

लो-पास फिल्टर वगळून हवेत जाऊ नका, दुसरा हार्मोनिक सरळ १४ मेगाहर्ट्झवर पडतो. ५-१० वॉटला हे सात घटकांचं फिल्टर पुरतं: कपॅसिटर २७०, ६८०, ६८०, २७० पिकोफॅरड, सगळे एनपी-शून्य प्रकारचे, कॉइल १.४, १.७, १.४ मायक्रोहेन्री, म्हणजे टी३७-६ रिंगवर २१, २४, २१ वेढे. वेढा म्हणजे तार रिंगच्या आतून गेलेली प्रत्येक वेळ. बाहेरून मोजणारे एक वेढा चुकतात.

हवेत जाताना

एसएसबीवर ४० मीटरला एलएसबी, म्हणजे खालची बाजू (लोअर साइडबँड), वापरायची. एलएसबीचा आवाज डायलच्या आकड्याच्या खाली ३ किलोहर्ट्झपर्यंत पसरतो, म्हणून डायल ७.००३ च्या खाली कधी न्यायचा नाही. तसंही तो खालचा भाग मोर्सवाल्यांचा. ७.०७४ वर एफटी८, म्हणजे संगणकाकडून चालणारा डिजिटल मोड, चालतं आणि तिथे ४० मीटर असूनही यूएसबी (अपर साइडबँड, संगणकाची यूएसबी नव्हे) लागते. संगणकाचं घड्याळ सेकंदाच्या आत बरोबर हवं, आणि ध्वनीची पातळी एएलसीचा (जादा आवाज आपोआप आवरणाऱ्या सोयीचा) काटा हलणार नाही इतकीच. १०० वॉटची रिग एफटी८ ला ३० वॉटवर चालवा, सलग प्रसारणात ती तापते.

माइक गेन जोरात बोलल्यावर एएलसीच्या पट्टीत राहील इतका. कॉम्प्रेशन वाढवलं की मीटर छान दिसतो, पण समोरच्याला तुमच्या पंख्याचा आवाज जास्त आणि शब्द कमी ऐकू येतात. ऐकताना उलट करा: प्रीॲम्प बंद, गरज पडली तर ॲटेन्युएटर चालू, आरएफ गेन खाली. ४० मीटरवर रात्री बाहेरून येणारा गोंगाट आणि जोरदार स्टेशनं इतकी असतात की रिसीव्हरची जादा संवेदनशीलता फक्त खरखर वाढवते.

पहाटे पुण्याहून नाशिक ऐकू येत नसेल तर तार तपासायला गच्चीवर धावू नका. लहरी परत खाली वळवणारा हवेचा वरचा थर, म्हणजे आयनांबर, रात्रभर विरळ होत जातो, डोक्यावर सरळ वर गेलेली ७ मेगाहर्ट्झची लहर पहाटे परत न येता निघून जाते. सूर्य वर आला, तास-दीड तास गेला, की तेच स्टेशन पुन्हा ५-९, म्हणजे स्पष्ट आणि जोरात, येतं. भर दुपारी खालच्या थरात शोषण वाढतं आणि आवाज थोडा पडतो. राज्यातल्या राज्यात बोलायला सकाळचे आणि दुपारनंतरचे तास उत्तम.

ट्यून करताना शक्ती ५-१० वॉट, आणि आधी ती जागा रिकामी आहे का ते विचारून. लॉगमध्ये (संपर्कांच्या नोंदवहीत) वेळ जागतिक वेळेनुसार लिहायची सवय लावा: भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा. पहाटे साडेपाचच्या आधीचा संपर्क आदल्या तारखेला जातो, आणि परदेशी स्टेशनाशी नोंद जुळत नाही तेव्हा बहुतेक वेळा हीच चूक निघते.

वीज आणि वर्षभराची निगा

एप्रिल-मेमधला वळीव आणि ऑक्टोबरातला परतीचा पाऊस, हे दोन काळ धोक्याचे. ढग गडगडायच्या आधी केबल रिगपासून सोडवा आणि कनेक्टर खिडकीबाहेर ठेवा. काचेच्या बरणीत ठेवण्याची जुनी पद्धत निरर्थक आहे. काही किलोमीटर हवा फोडून आलेल्या विजेला बरणी काय अडवणार? कडकडाट सुरू झाल्यावर केबलला हात लावायचा नाही, राहिली तर राहिली. सप्लायचा प्लगही भिंतीतून काढा. वायूनळीचा अरेस्टर जवळच्या विजेनं तारेत उठणारा लोट कमी करतो, थेट पडलेल्या विजेवर तो उपाय नाही. खांबासाठी स्वतंत्र अर्थिंग केलं तर ते इमारतीच्या अर्थिंगला जाड तांब्यानं जोडलंच पाहिजे. दोन वेगळी अर्थिंग ठेवली तर त्यांच्यातल्या फरकाचा प्रवाह तुमच्या रिगमधून वाट काढतो.

मे महिन्याच्या मधल्या आठवड्यात, पावसाआधी, खांब खाली घ्या. दोऱ्या ताणून बघा, डबा उघडा, तळाचं भोक कोळ्याच्या जाळ्यानं बुजलं असेल तर मोकळं करा. केबलच्या टोकाचा इंचभर भाग सोला: जाळी चकचकीत असेल तर ठीक, काळी पडली असेल तर पाणी केशाकर्षणानं आत चढलं आहे. काळा भाग संपेपर्यंत कापत जा, तीन मीटरनंतरही काळीच निघाली तर केबल बदला. कोकणात आणि गोव्यात समुद्राच्या खारट वाऱ्यानं हे दुप्पट वेगानं होतं, तिथे ही तपासणी दिवाळीनंतर पुन्हा एकदा हवी. संक्रांतीनंतर गच्चीवर जाऊन तारेत अडकलेला मांजा काढा. काचेचा लेप असलेला मांजा वाऱ्यात घासत राहिला तर वायरचं आवरण सोलतो. आणि दरवेळी खांब उभा केल्यावर एसडब्ल्यूआरचा तळ कुठे आला तो लॉगच्या मागच्या पानावर तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या वेळी काही बिघडलं तर तुलना करायला तोच आकडा लागतो.